जपानची चिनी माती आणि तिचे सोयरे

तांबूस_रेघ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात पुण्याहून मैत्रिणीनं एका प्रदर्शनातला फोटो पाठवला. निळा मग, कानापासून बुडापर्यंत सोनेरी भेग, खाली पाटी 'जपानी कला'. सोबत प्रश्न: "हे तुमच्याकडचंच ना?" उत्तर लिहायला बसले तर ते व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मावेना. म्हणून हा धागा.

मी गेली चार वर्षं आइची प्रांतात राहते. एका अंगाला सेतो, दुसऱ्या अंगाला तोकोनामे. जपानच्या ज्या सहा जुन्या भट्ट्या म्हणतात त्यातल्या दोन इथल्याच. सेतोचा दबदबा इतका, की चिनी मातीच्या भांड्यांना सरसकट 'सेतोमोनो' म्हणजे सेतोची वस्तू म्हणायची रीत पडली. दीड वर्षापासून मी फुटकी भांडी सांधायच्या वर्गाला जाते. तरबेज वगैरे झालेली नाही, हे आधीच सांगते.

पहिल्याच दिवशी बाईंनी किन्त्सुगीचं (फोटोतल्या मगासारखे फुटके जोड सोन्यानं सांधायच्या कलेचं) नावही काढलं नाही. समोर एक लाकडी पेटी ठेवली. पेटीच्या आत रेशमी पिशवी, पिशवीच्या आत मुठीत मावेल एवढी तपकिरी कुपी, कुपीवर हस्तिदंताचं चपटं झाकण. झाकण उलटं केलं तर खालून सोन्याचा वर्ख. या कुपीला चाइरे म्हणतात. चहाच्या विधीत दाट चहाची हिरवी पूड तीत ठेवतात. झाकणाखालचा वर्ख कशासाठी? जुनी समजूत अशी, की चहात कुणी विष कालवलं तर सोनं काळवंडेल. (सोनं काळवंडत नाही हे त्या सरदारांना कोण सांगणार!) बाईंनी विचारलं, "ही वस्तू कोणी केली?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात, "कुंभारानं." बाई नुसत्या हसल्या आणि बोटं मोजायला लागल्या. कुंभार, दंतकाम करणारा, वर्ख ठोकणारा, कापड विणणारा, पिशवी शिवणारा, गोंडा वळणारा, पेटी करणारा सुतार, पेटीवर नाव लिहिणारा.

पिशवीला शिफुकु म्हणतात आणि ती शिवणं हे स्वतंत्र घराण्याचं काम आहे. क्योतोत चहाचा विधी शिकवणाऱ्या सेन घराण्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वस्तू करणारी दहा कारागीर घराणी आहेत, 'सेनके जुस्शोकु'. आपल्या बारा बलुत्यांची आठवण होईल अशी यादी आहे: राकू आणि एराकु मातीकामाचे, ओनिशी ओतीव लोखंडी किटल्यांचे, नाकागावा बाकी धातूंचे, नाकामुरा उरुशीकामाचे (उरुशी म्हणजे झाडाच्या चिकाचं चकचकीत रोगण), हिकी कागदाच्या लगद्यावर उरुशी चढवणारे, कोमाझावा सुतार, कुरोदा बांबूवाले, त्सुचिदा पिशव्यांचे आणि ओकुमुरा चित्रं कागदावर चढवून गुंडाळ्या करणारे. म्हणजे दहात मातीला हात लावणारे दोनच! बाकीचे आठ त्या मातीच्या शेजारी काय बसेल ते बघतात.

माझं म्हणणं थोडक्यात हे: आपण 'मातीत इतर माध्यमं मिसळणं' असं म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एकटा कलाकार येतो, तोच चाकावर बसतो, तोच तार गुंफतो, तोच सोनं लावतो. तिथल्या जुन्या वस्तूंत तसं क्वचितच आहे. कुंभारानं आपलं काम एका जागी थांबवायचं आणि उरलेलं दुसऱ्याच्या हाती द्यायचं, असा तो व्यवहार आहे.

पाण्याचं भांडं घ्या, मिझुसाशी. चहा करताना लागणारं गार पाणी यात असतं. भट्टीतूनच झाकण घेऊन आलं तर ते 'तोमोबुता', सोबतीचं झाकण. पण कितीतरी मिझुसाशी मुळात मिझुसाशी नव्हतेच. कुठल्या तरी बंदरात उतरलेला तेलाचा नाहीतर धान्याचा रांजण, कुणाच्या तरी नजरेत भरला आणि चहाच्या खोलीत आला. त्याला झाकण कुठून असणार? मग उरुशीकाम करणाऱ्याकडून काळंभोर लाकडी झाकण करून घ्यायचं, ते 'नुरिबुता'. खडबडीत, धूर खाल्लेल्या मातीवर आरशासारखं काळं झाकण. आज आपण त्याला 'कॉन्ट्रास्ट' म्हणून वाखाणतो, पण सुरुवात झाली ती झाकण हरवलंय किंवा नव्हतंच, या साध्या अडचणीतून. उन्हाळ्यात तर काही वेळा झाकण म्हणून कागदी तुतीच्या जातीतल्या झाडाचं ओलं पानच ठेवतात. विधी चालू असताना पान घडी घालून बाजूला करतात. हे पाहिलं तेव्हा मला पळसाच्या पानाखाली झाकलेलं दही आठवलं.

आता माझी आवडती गोष्ट. तोक्योच्या सेईकादो संग्रहालयात 'त्सुकुमो नासु' नावाची चाइरे आहे. नासु म्हणजे वांगं; आकार तसाच, टपोरा. चीनमधून आलेली. मालकांची यादी म्हणजे जपानचा अर्धा इतिहास: आशिकागा शोगुन (शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश), मग १५६८ साली सरदार मात्सुनागा हिसाहिदेनं ती ओदा नोबुनागाला नजर केली, पुढे त्याच्यानंतर सत्तेवर आलेला हिदेयोशी. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला जळाला त्यात ती गाडली गेली. किल्ला जिंकणाऱ्या तोकुगावा इएयासुनं फुजिशिगे तोगेन आणि तोगान या उरुशीकाम करणाऱ्या बापलेकांना राखेत पाठवलं. त्यांनी तुकडे वेचून आणले आणि कुपी उभी केली. इएयासु इतका खूश झाला की ती त्यांनाच देऊन टाकली. १८७६ मध्ये मित्सुबिशीच्या घराण्यातल्या इवासाकी यानोसुकेनं थोरल्या भावाकडून उसने पैसे घेऊन ती मिळवली.

आणि मग १९९४ मध्ये तिचा एक्स-रे काढला. आत नुसते तुकडे! बाहेरून जो मातीचा पोत, जी झिलई, जे तपकिरी ओघळ लोक इतकी वर्षं वाखाणत होते, ती बरीचशी उरुशी होती. त्या बापलेकांनी झाडाच्या चिकातून झिलई 'रंगवली' होती.

म्हणजे एकाच चिकानं दोन उलट कामं केली. किन्त्सुगीत तो जोड सोन्यानं दाखवतो, इथे त्यानं जोड असा लपवला की पत्ता लागायला जवळजवळ पावणेचारशे वर्षं गेली. 'जपानी लोक भेगा मिरवतात' हे वाक्य ऐकलं की मला ही वांग्याची कुपी आठवते.

मग त्या निळ्या मगाचं काय? ते लिहितेच, पण आधी तुमचं ऐकू दे. इथे मातीकाम, लाखकाम करणारं कुणी आहे का?

---

रानजाई

किती सुंदर लिहिलंय! वांग्याच्या कुपीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका. लाख म्हणजे आपली किड्यांची लाख ना? सावंतवाडीच्या खेळण्यांवरची? मग उरुशी झाडाचा चीक कसा?

तांबूस_रेघ

दोन्ही वेगळ्या, रानजाई. आपली लाख किड्याची. ती उष्णतेनं मऊ होते. कातावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणानं वितळून बसते. उरुशी झाडाला चिरा पाडून काढतात आणि एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. म्हणून उकळत्या चहाच्या भांड्याला उरुशी चालते, लाख चालायची नाही. मी मुद्दाम सगळीकडे 'उरुशीकाम'च म्हणतेय. 'लाखकाम' म्हटलं की आपल्याला पाळण्यावरचे पोपट दिसतात.

एक झाड दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, एका हंगामात त्यातून दोनशे ग्रॅमच्या आसपास चीक काढायचा आणि मग ते तोडायचं. बुंध्यातून नवे धुमारे येतात. जपानातली बहुतेक देशी उरुशी इवाते प्रांतातल्या जोबोजी भागातून येते, पण एकूण वापरातली जास्त चीनचीच असते.

रसायनवेडा

थोडी भर. उरुशीचं झाड म्हणजे आंबा, काजू आणि बिब्ब्याचं भावंड. चिकातला मुख्य घटक उरुशिऑल. तो 'वाळत' नाही. चिकातच लॅकेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते हवेतला प्राणवायू घेऊन रेणूंची साखळी बांधतं, आणि त्या विकराला काम करायला दमट हवा लागते. ७० ते ८५ टक्के आर्द्रता, २०-२५ अंश तापमान. कोरड्या उन्हात ठेवलंत तर आठवडाभर चिकटच राहील.

काजूची गंमत वेगळीच. काजूच्या टरफलातलं तेल रसायनदृष्ट्या उरुशीच्या इतकं जवळचं, की जपानमध्ये त्यापासून रंग तयार झाला आणि त्याचं नावच 'कॅश्यू'. स्वस्तातल्या किन्त्सुगीत तो सर्रास वापरतात. कोकणातला काजूवाला ज्या तेलाला शिव्या घालतो (हात सोलून निघतात बिचाऱ्यांचे), त्याच तेलाचा वंश तिकडे भांड्यांवर चकाकतोय.

फुटका_पाट

म्हणजे कोकणी माणसाला उरुशी बाधत नसणार. लहानपणापासून आंब्याचा चीक ओठाला लावून मोठे झालोय आम्ही.

तांबूस_रेघ

@फुटका_पाट, माझं माहेर रत्नागिरी. तिसऱ्या तासाला मनगटापासून कोपरापर्यंत उतलं. बिब्बा उतल्यावर जसं होतं अगदी तसं, वर खाज रात्री वाढते. बाईंना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "अभिनंदन, आता तुम्ही खऱ्या विद्यार्थिनी." हातमोजे घालते हो आता.

परटीण_आजी

बिब्ब्याचं निघालं म्हणून सांगते. आमच्या घरी परीट कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करायचा. बिब्बा टोचून काढलेल्या रसाची खूण, वर चुन्याचं बोट. काळी खूण कापड फाटेपर्यंत जायची नाही. झाडाचा चीक, हवा लागून काळा पडणारा, कधी न पुसला जाणारा. ती उरुशीची विद्या आपल्याकडेही होती म्हणायची, फक्त ती धोतराच्या कोपऱ्यात राहिली.

रानजाई

आजी, काय प्रतिसाद दिलात! _/\_

खडीसाखर

छान धागा. पण मला एक पटत नाही. आपल्याकडे फुटकी वस्तू घरात ठेवू नये म्हणतात. आई तडा गेलेला कप दिसला की लगेच बाहेर काढायची. आणि आता हजारो रुपये देऊन तडा विकत घ्यायचा? मी तर ऐकलंय लोक नवीन वाडगे मुद्दाम फोडतात. हा सगळा 'दुःखातून सौंदर्य' छाप व्याख्यानांचा बाजार वाटतो मला.

तांबूस_रेघ

@खडीसाखर, बाजाराबद्दल मी तुमच्याच बाजूची. मुद्दाम फोडलेल्या भांड्याला माझ्या बाई हातही लावत नाहीत. पण जुन्या काळीही सगळे दुरुस्त्या सोन्यानं करत होते असं नाही. 'त्सुत्सुई-झुत्सु' नावाचा कोरियन वाडगा हिदेयोशीच्या समोर एका पोऱ्याच्या हातून पडून पाच तुकडे झाला. पोराचं डोकं उडणार एवढ्यात होसोकावा युसाई या कवी-सरदारानं जुन्या काव्यावर श्लेष करून एक कविता म्हटली, हिदेयोशी हसला आणि पोरगा वाचला. वाडग्याचे सांधे आजही दिसतात, पण त्यांवर सोनं नाही.

दुसरी गोष्ट 'बाकोहान'ची. चीनच्या लाँगच्वान भट्टीतला तेराव्या शतकाच्या आसपासचा फिकट हिरवा वाडगा, आता तोक्योत, उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात. शोगुन आशिकागा योशिमासाच्या काळात त्याला तडा गेला, तेव्हा असाच दुसरा पाठवा म्हणून तो चीनला धाडला. तिकडून निरोप आला, आता असे होत नाहीत. सोबत तोच वाडगा, लोखंडी टाके मारून. टाके टोळासारखे दिसतात म्हणून वाडग्याचं नाव तसं पडलं. ही गोष्ट किन्त्सुगीची जन्मकथा म्हणून नेटवर फिरते. पण वाडगा नीट बघा, त्यात सोनं नाही, उरुशी नाही. माती आणि लोखंड, एवढंच. आणि तो लोकांना इतका आवडला की टाक्यांसकट राष्ट्राचा ठेवा झाला.

फोडण्यावरून आठवलं. मित्सुई संग्रहालयात 'जुमोन्जी' नावाचा वाडगा आहे. फुरुता ओरिबे या चहाच्या नामांकित आचार्याला तो फार मोठा वाटला म्हणून त्यानं तो आडवा-उभा चिरून लहान केला आणि उरुशीनं सांधला, असं सांगतात. म्हणजे मुद्दाम फोडणारेही होते! पण तो ओरिबे होता. चारशे वर्षांत एकच निघाला तर चालतो.

फुटका_पाट

वाडगा मोठा झाला म्हणून कापून लहान? आमच्या शिंप्याला सांगितलं तर तो म्हणेल, आधी धुवून आणा, आटेल.

कुंभा

उशिरा आलो. मी कुडाळजवळ स्टोनवेअर (जास्त आचेवर भाजलेली टणक भांडी) करतो, बारा वर्षं झाली. धागाकर्तीचा मुद्दा मला अनुभवानं पटला, पण शिकलो ठेच खाऊन.

तीन वर्षांपूर्वी बांबूचे कान लावून किटल्या केल्या. मी काय केलं, ओल्या मातीतच बांबू अडकेल अशी भोकं मापानं पाडली. आमची माती ओली असताना १०० मिलिमीटर असेल तर भट्टीतून निघते तेव्हा ८८ उरते. हिशेब केला होता. पण आकसणं सगळीकडून सारखं नसतं; जाड बाजू वेगळी, ज्वाळेकडची वेगळी. वीसपैकी चौदा किटल्यांना बांबू बसेना. बसला त्यातले दोन वाळून तडकले. प्रदर्शन तोंडावर. शेवटी बांबू फेकून कातडी पट्टे बांधले आणि लोक म्हणाले, वा, काय कल्पना!

तेव्हा कळलं, आगीत जाणारं आधी पुरं होऊ द्यावं. बाकीच्यांनी त्याच्या मापाला यावं. तिकडच्या चहाच्या किटल्या, दोबिन, नीट बघा. मातीला फक्त दोन कान असतात, वेताचा वळलेला दांडा नंतर ताणून अडकवतात, आणि तुटला तर बदलता येतो. किटली दांड्यापेक्षा जास्त जगते.

तांबूस_रेघ

@कुंभा, हेच! नुरिबुताचंही तसंच. झाकण करणारा मिझुसाशी स्वतःकडे मागवून घेतो, नुसत्या कागदावरच्या मापावर करत नाही. कारण तोंड गोल नसतंच.

रसायनवेडा

ज्यांनी आगीतच दोन्ही एकत्र घालायचा प्रयत्न केला त्यांचंही सांगतो. मेईजी काळात, १८७० च्या दशकात, नागोयाकडे चिनी मातीच्या भांड्यांवर तारा बसवून मीनाकारी करत, जशी तांब्यावर करतात तशी. धागाकर्तीच्या गावाजवळच की! परदेशी प्रदर्शनांना मालही गेला. पण प्रकार फार टिकला नाही. माती, धातूची तार आणि काच, तिघांचं तापून फुगणं आणि निवून आकसणं वेगवेगळं. मीनाकारी तांब्याच्या अंगावरच सुखानं राहते.

अण्णा_रेवदंडा

अवांतर, पण राहवत नाही. पिशव्यांच्या कापडाबद्दल वाचताना आठवलं. जपानमध्ये 'चाऊ-जिमा' नावाचं पट्ट्यांचं रेशमी कापड होतं, सरदारांच्या हाकामासाठी (चुण्यांच्या घोळदार विजारीसाठी). चाऊ म्हणजे आमचं चौल! पोर्तुगीज जहाजांतून ते तिकडे गेलं आणि पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीला क्योतोतच विणायला लागले. आज चौलला रेशीम विणणारा माग औषधालाही नाही. नारळी-सुपारीच्या बागा आणि रविवारी पुण्याच्या गाड्या.

तांबूस_रेघ

अण्णा, हे अवांतर नाहीच. चाइरेच्या पिशव्यांतही बाहेरून आलेलं पट्ट्यांचं कापड फार मानाचं, त्याला कांतो म्हणतात. आणि कोरोमांडलच्या छापील सुती कापडाचे, म्हणजे 'सारासा'चे तुकडेही चहाची भांडी गुंडाळायला जपून वापरत. आपल्याकडे जे कमरेला होतं ते तिकडे कुपीचा अंगरखा झालं.

रंगाचीही एक गंमत. किन्त्सुगीत सोनं भुरभुरण्याआधी सांध्यावर लाल उरुशीची रेघ ओढतात (माझं इथलं नाव तिच्यावरूनच). त्या लाल रंगाला जपानी लोक 'बेंगारा' म्हणतात, म्हणजे बंगालचा. लोहाची लाल भुकटी. आपण तिलाच हुरमंजी म्हणतो, म्हणजे होर्मुझची. प्रत्येकाला वाटतं, हा रंग दुसऱ्याच्या गावचा.

रानजाई

किन्त्सुगी नक्की कशी करतात ते लिही ना सविस्तर. घरी करता येईल का?

तांबूस_रेघ

थोडक्यात सांगते, पूर्ण कृती वेगळ्या धाग्यात. तुकडे जोडायला कणीक, पाणी आणि कच्ची उरुशी एकत्र मळतात. हो, कणीकच. मळताना पोळीच्या गोळ्यासारखी ताणायला लागते. सांधून दमट पेटीत, मुरोत, दोन-तीन आठवडे. टवका उडाला असेल तर बारीक मातीची पूड उरुशीत कालवून भराव. घासायचं, पुन्हा भरायचं. मग काळ्या उरुशीचा हात, घासणं, आणखी एक हात. शेवटी लाल रेघ आणि ती अर्धवट ओली असताना सोन्याची पूड. घट्ट झाल्यावर अकिकानं घोटायचं. जुने लोक ताई नावाच्या माशाच्या दातानंही घोटत. आपल्याकडे पोथ्यांचा कागद घोटायचे तसंच. एका वाडग्याला तीन महिने लागतात, त्यातला बहुतेक काळ तुम्ही काहीच करत नसता. सोनं हे अगदी शेवटच्या दिवसाचं काम, आणि फोटो तेवढ्याचाच निघतो.

आता निळ्या मगाची पाळी. बाजारातल्या तसल्या बहुतेक मगांत इपॉक्सी (कृत्रिम गोंद) आणि पितळेची नाहीतर अभ्रकाची पूड असते. शोभेला ठेवा, माझी हरकत नाही. पण बहुतेक इपॉक्सी खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी नसतात, आणि त्यात रोज गरम चहा ओतायचा म्हणजे मला पटत नाही. पक्की झालेली उरुशी आंबट, खारट, दारू सगळं सोसते. तिला सोसत नाही ते ऊन. आणि सोनं लावलेलं भांडं मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, हे सांगायला नको.

घरी करायचं तर पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर. मुरोची गरजच नाही, अख्खं घरच मुरो असतं.

परटीण_आजी

हे मात्र खरं. श्रावणात चपलाला बुरशी येते ती हवा कामाला लागली म्हणायची.

खडीसाखर

सगळं वाचलं. थोडी विरघळले, कबूल. आता माझी अडचण. आजीची लोणच्याची बरणी आहे, वरून तपकिरी, खालून पांढरट, दहा किलोची. झाकण मागच्या वर्षी फुटलं. तुकडे आईनं अर्थातच फेकले. नवीन झाकण त्या मापाचं मिळत नाही. स्टीलचं ठेवलं तर खाराच्या वाफेनं डाग पडले. कुंभा, तुम्ही झाकण करून द्याल का?

कुंभा

देईन, पण करू नका म्हणेन. मी मातीचं केलं तर आकसण्याच्या हिशेबात एक बसायला चार करावी लागतील. धागाकर्तीची नुरिबुता करा. कातार्‍याकडून लाकडाचं झाकण कातून घ्या. फणस चालेल, शिवण मिळाली तर उत्तम. आत शिरणारी कड अगदी घट्ट ठेवू नका, पावसात लाकूड फुगतं आणि मग बरणी फोडूनच लोणचं काढावं लागेल.

परटीण_आजी

आणि वरून दादरा बांधा. पांढऱ्या मलमलीचा, दोन पदरी. आमच्याकडे झाकण असलं तरी दादरा चुकला नाही कधी.

तांबूस_रेघ

आजी, दादरा! मी हा शब्द वीस वर्षांत ऐकला नव्हता. तिकडे चहाच्या पानांचे मोठे रांजण असतात, त्यांच्या तोंडावरही असंच कापड बांधतात, 'कुचि-ओई' म्हणतात. खाली रेशमी दोरीची गाठ. त्यातला 'चिहाया' नावाचा एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं २००९ साली घेतला. मुळात दक्षिण चीनमधली साधी साठवणीची बरणी, तेराव्या-चौदाव्या शतकातली. बरोबर जरीचा दादरा, दोऱ्या, एकात एक बसणाऱ्या पेट्या, कागदपत्रं. तुमच्या दहा किलोच्या बरणीच्या आणि तिच्या कुळात फार अंतर नाही हो, खडीसाखर. आपण 'मर्तबान' म्हणतो तो शब्दही ब्रह्मदेशातल्या बंदराचा, असेच रांजण तिथून जहाजात चढायचे म्हणून.

खडीसाखर

बरं, माप घेतलं. पट्टीनं आतून एका बाजूनं १६४ मिलिमीटर येतंय आणि दुसऱ्या बाजूनं १६०. मी चुकतेय का?

कुंभा

चुकत नाही. बरणी तशीच आहे. पट्टी ठेवून द्या. तोंडाच्या काठाला आतून काजळ लावा, वर जाड कागद दाबा, छाप उमटेल. तो कागद कापून कातार्‍याला द्या. आणि कागदावर व बरणीवर एकाच जागी खूण करा, म्हणजे झाकण कुठल्या बाजूनं बसवायचं ते कळेल.

परटीण_आजी

खूण बिब्ब्यानं करा.